बिनआरीचा भोवरा

सर, कावळा लगेच शिवला.

भटजी खूश झाले. ते तुमचेच विद्यार्थी, माझ्या दोन वर्षं मागे होते. "बघा, सरांचा जीव कशातच अडकलेला नव्हता," असं म्हणून त्यांनी हात जोडले. काठावर जमलेल्या सगळ्या जुन्या विद्यार्थ्यांनी जोडले. मी नाही जोडले. मला इतका संताप आला की मी पाताळगंगेच्या त्या घोटाभर पाण्यातून तडातडा चालत पलीकडे जाऊन उभा राहिलो. कावळा अडून बसला असता तर त्याला काय सांगायचं, ते वाक्य मी नऊ दिवस मनात घोळवत होतो. ते तसंच राहिलं.

तुमचं इथे रक्ताचं कोणी नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला आणि दहावाही मीच केला. "सरांचा सगळ्यात गुणी विद्यार्थी, त्याचाच मान," असं सगळे म्हणाले. आता हेडमास्तरांची चिठ्ठी आली आहे. शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर चार चांगले शब्द लिहून हवेत. वकील माणूस मी, शब्दांना काय तोटा? आणि ते तुम्हीच दिलेले. हेडमास्तरांना काय द्यायचं ते बघीन पुढे. आधी तुमच्याशी बोलून घेतो. तुम्ही मध्ये बोलणार नाही, हे पहिल्यांदाच घडतं आहे.

ती सहामाही आठवते तुम्हाला? तुम्ही पुण्याकडून नंदुरबारला नुकते आला होता. काळी टोपी, पांढरं उपरणं, दुपारच्या उन्हातही कडक इस्त्रीचा कोट. आम्ही खेड्यापाड्यांतली पोरं बोर्डिंगात राहत होतो. मी रनाळ्याचा. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी मी आवारात भोवरा फिरवत होतो आणि ओरडत होतो, "दखा रे, कसा फिरी ऱ्हायना!" तुम्ही मागून आलात, जमिनीवरचा भोवरा उचललात आणि विचारलंत, "ही कोणती भाषा?" मी म्हणालो, "आमनी." सगळी पोरं हसली, तुम्हीही हसलात. मग ऑफिसातून पक्कड मागवून तुम्ही त्याची लोखंडी आर उपटून काढलीत. मला वाटलं, झाली शिक्षा. कसली शिक्षा! ती तर सुरुवात होती.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तुम्ही नियम सांगितलात. आवारात जो कोणी अहिराणीत बोलताना सापडेल, त्याच्या हातात हा भोवरा जाईल. त्याने तो खिशात ठेवायचा. दुसरा कोणी चुकला की त्याला द्यायचा आणि मोकळं व्हायचं. शनिवारी ड्रिलच्या वेळी ज्याच्याकडे भोवरा, त्याने टेबलावर उभं राहून ज्या वाक्यासाठी तो मिळाला ते वाक्य सगळ्या शाळेला मोठ्याने ऐकवायचं. बस्स. छडी नाही, उठाबशा नाहीत. तुम्ही मुलांना मारत नाही म्हणून गावात तुमचं केवढं कौतुक झालं! बाकी मास्तरांचे हात शिवशिवायचे, तुमचा हात कधी कोणावर उठला नाही.

हसायला मात्र तुम्ही सांगायचात. "हसा की रे," म्हणायचात. "संकोच कसला?"

पहिले दोन आठवडे पोरं नुसती चुकत होती. घरी जे बोलायचं तेच तोंडातून जायचं. मग सगळे सावध झाले, गप्प राहायला लागले. गप्प बसलेल्याला भोवरा कसा द्यायचा? त्याची युक्ती मी काढली, सर. हे तुम्हाला मी कधी सांगितलं नव्हतं, पण तुम्हाला ठाऊक होतं. माणसाला अचानक दुखलं की तो शुद्ध बोलत नाही. मी बाभळीचा काटा कॉलरीच्या आत टोचून ठेवायचो. पाठीमागून जायचं आणि मांडीत खुपसायचा. "मरी गऊ वं माय!" एवढं आलं की भोवरा त्याच्या हातात. आठ दिवसांत सगळ्या शाळेच्या कॉलरींत काटे आले. कोणी चिमटे काढी, कोणी बोट दाराच्या फटीत चेपी. एक पोरगा लंगडत तुमच्याकडे आला होता, रक्त आलं होतं त्याच्या पोटरीला. हे कोणी केलं, असं तुम्ही विचारलं नाहीत. "काय म्हणालास तेव्हा?" असं विचारलंत.

मी तिथेच उभा होतो. मला तुमचा फार अभिमान वाटला होता तेव्हा. आज तेच आठवून अंगावर काटा येतो.

बरं, नुसतं वाईटच लिहावं तर तेही खोटं. त्या एका सहामाहीत तुम्ही त्या मरगळलेल्या शाळेचं काय करून दाखवलंत! हस्तलिखित मासिक सुरू केलंत. लेझीमपथक उभं केलंत, प्रांतसाहेबांनी थांबून पाहिलं ते. हुतूतूत आपण शहाद्याच्या पोरांना त्यांच्याच मैदानावर लोळवलं. चित्रकलेच्या परीक्षेला पहिल्यांदाच पोरं बसली आणि पास झाली. आणि श्रावणात मला हिवताप आला तेव्हा बोर्डिंगातून उचलून तुम्ही मला स्वतःच्या खोलीवर नेलंत, क्विनाइन पाजलंत, माझी ओकारी स्वतःच्या हाताने पुसलीत. मी तापात बरळत होतो. अर्थात अहिराणीत. बरा झाल्यावर मी भीत भीत विचारलं, "सर, भोवरा?" तुम्ही माझ्या डोक्यावर टपली मारलीत आणि म्हणालात, "आजाऱ्याला नियम नाही, वेड्या." सर, मला तेव्हा तुमच्या पाया पडावंसं वाटलं होतं. आजही वाटतं. हेच तर माझं दुखणं आहे.

मग धुळ्याची वक्तृत्वस्पर्धा आली. सगळ्या हायस्कुलांत मिळून एक ढाल. तुम्ही ती आणायचीच, असं ठरवलंत आणि मला निवडलंत. रोज शाळा सुटल्यावर तोंडात सुपारी ठेवून मी तासभर पाठ म्हणायचो. माझा "ळ" वळायचा नाही, "ण"चा "न" व्हायचा. तुम्ही न कंटाळता शंभर वेळा म्हणून दाखवायचात. तुमच्याइतका जीव आमच्यावर कोणी टाकला नव्हता. विषय काय होता, आठवतं? मातृभाषेची थोरवी. अहो, ती स्पर्धाच तशी होती, इंग्रजीपुढे मराठीची बाजू मांडायची. मला त्यात काहीच वावगं दिसलं नाही. तुम्हालाही नाही.

फक्त एक अट घातलीत. स्पर्धेच्या आधीच्या शनिवारी भोवरा ज्याच्याकडे असेल तो धुळ्याला येणार नाही, मग तो कोणी का असेना. माझ्याकडे बघून म्हणालात. मी त्या आठवड्यात झोपेतही तोंडावर हात ठेवून पडायचो.

भोवरा तेव्हा उस्मानकडे होता. पिंजाऱ्याचा उस्मान, माझ्या बाकावरचा. बापाबरोबर पहाटे कापूस पिंजून शाळेत यायचा, केसांत कायम कापसाचे धागे. सलग दोन शनिवार तो टेबलावर उभा राहिला होता. मऊ पोर, दुसऱ्या कोणाला काटा टोचणं त्याच्याच्याने व्हायचं नाही, म्हणून भोवरा त्याच्या खिशात मुक्कामाला आलेला.

गुरुवारी मधल्या सुट्टीत मन्ही माय आली. हे बघा, लिहितानाही आतूनच आलं, राहू द्या तसं. बाजाराच्या गाडीत बसून आली होती. मला ताप येऊन गेला हे तिला महिन्याने कळलं होतं. आवाराच्या तारेपलीकडे उभी राहिली, डोक्यावरचं गाठोडं उतरवलं आणि हाक मारली, "भाऊऽऽ! केवढा वाळी गया रे तू! ये आठे. ले, दादरनी भाकर शे, संगे ठेचा शे."

उस्मान माझ्यापासून चार हातांवर होता. वर व्हरांड्यात तुम्ही होता. मी तारेपाशी गेलो. माझे हात भाकरीकडे जात होते. तोंड उघडलं आणि त्यातून तुम्ही शिकवलेलं सगळं बाहेर आलं.

"आपण कशाला आलात? शाळेच्या वेळात असे येऊ नये."

तिला ते कळलंच नाही आधी. ती मागे वळून बघायला लागली, कोण आलंय तिच्या मागे, कोणाला "आपण" म्हणतोय पोरगा. मागे कोणी नव्हतं. मग तिचा चेहरा हळूहळू बदलला. तिने पदर नीट केला. कलेक्टरासमोर करतात तसा. म्हणाली, "भाऊ, वळखं नही का रे माले?"

मी म्हणालो, "आपण आता घरी जावे."

सर, बोट कापलं तर माणूस बोंबलतो. तिने तेवढाही आवाज केला नाही. गाठोडं हातात धरून उभी राहिली, खाली ठेवावं की परत न्यावं ते तिला सुचेना. तेव्हा उस्मान पुढे झाला. मुद्दाम झाला. व्हरांड्यात तुम्ही आहात हे बघून झाला. मोठ्याने म्हणाला, "दे माले, माय. मी दी देसू त्याले. त्यानी परीक्षा शे." आणि तारेवरून हात घालून त्याने गाठोडं घेतलं.

ती गेली. वळून पाहिलं नाही तिने.

तासाला तुम्ही मला उभं केलंत आणि सगळ्या वर्गाला म्हणालात, "याला म्हणतात निर्धार. ज्याला आईसमोर भाषा सांभाळता आली, त्याला धुळ्याची सभा काय अवघड?" टाळ्या वाजल्या. मी मान ताठ करून त्या घेतल्या. उस्मानने भाकर माझ्या पेटीत ठेवली होती. मी ती खाल्ली नाही. बोर्डिंगच्या कुत्र्याला घातली.

शनिवारी उस्मान तिसऱ्यांदा टेबलावर चढला. तुम्ही गुरुवारचं वाक्य मागितलंत. तो म्हणाला, "दे माले, माय. मी दी देसू त्याले." तुम्ही म्हणालात, "मोठ्याने." तो पुन्हा म्हणाला. "हसा की रे." शाळा हसली. मी पहिल्या रांगेत होतो, मी सगळ्यात मोठ्याने हसलो, कारण मी हसतोय की नाही हे तुम्ही बघत होता. उस्मान माझ्याकडे बघत होता की नाही, ते मी पाहिलं नाही. सोमवारी तो आला नाही. मंगळवारी आला नाही. हजेरीपटावर त्याच्या नावावर तुम्ही रेघ मारलीत आणि "पिंजायला गेला" असं म्हणून पुढचं नाव घेतलंत.

धुळ्याला मोटारीत तुम्ही मला तुमचा कोट घातलात, बाह्या दुमडून. मी बोललो. ढाल आपली झाली. परतताना तुम्ही रडलात, मला जवळ घेऊन रडलात. दिवाळीच्या सुट्टीआधी पाहुण्यांसमोर सहामाहीचा अहवाल वाचलात. मासिक, लेझीम, हुतूतू, चित्रकला, ढाल. आणि शेवटी, "शाळेच्या आवारातून अशुद्ध भाषेचे पूर्ण उच्चाटन झाले." मग मला व्यासपीठावर बोलावून तो भोवरा परत दिलात. "तुझाच आहे. आता याची गरज उरली नाही."

सुट्टीत मी घरी गेलो. माय ओट्यावर शेजारणीशी बोलत होती, हसत होती. मी दिसल्याबरोबर गप्प झाली. मी म्हणालो, "माय, मी उनू." तिने पाण्याचा तांब्या आणून ठेवला, खाली बघून. मला वाटलं, रागावली आहे, दोन दिवसांत जाईल राग. राग नव्हताच, सर. ती घाबरली होती. आपलं बोलणं ऐकून पोराची परीक्षा बुडेल, अशी तिची समजूत झाली होती. नंतर परीक्षा संपल्या, मी मॅट्रिक झालो, वकील झालो, लग्न झालं, पण तिची समजूत काही गेली नाही. मी घरात असलो की ती मुकी. वीस-बावीस वर्षं. बाप म्हणायचा, "तुन्ही माय तुले साहेब समजस." तलाठ्याच्या बायकोकडून ती चार शुद्ध वाक्यं शिकून आली होती, असं माझ्या बायकोने मला मागाहून सांगितलं. मी कोर्टात रनाळ्याच्या माणसांची अहिराणी मुन्सफांना शुद्ध करून सांगतो. त्यावर माझं घर चालतं. आणि माझ्या आईचं एक वाक्य मला मिळत नाही.

आता त्या शुक्रवारचं. तुम्ही पेन्शनीत निघालात तरी नंदुरबार सोडलं नाहीत. एकटेच राहिलात, स्वयंपाकाला जनाई. एक दिवस बाजारात ती मला म्हणाली, "वकीलसाहेब, मास्तर आते आमनामायकच बोलतस." गंमत म्हणून सांगितलं बिचारीने. मी घरी गेलो, ट्रंक उपसली आणि भोवरा काढला. तुम्ही आजारी आहात हे मला ठाऊक होतं, वाचणार नाही हेही डॉक्टर म्हणाले होते. सगळं ठाऊक असून मी तो खिशात घातला आणि आलो. साक्षीदाराला कोंडीत पकडायला जातो तसा आलो. मी भेटीला आलो नव्हतो, हे तुम्हाला सांगून टाकतो.

दारात होतो तेव्हाच तुमचा आवाज ऐकू आला. "पानी दे व माय." अगदी आमच्यासारखं. इतकं मऊ की क्षणभर मी विसरलो कशाला आलोय. मग तुम्ही मला पाहिलंत आणि सावरून म्हणालात, "जनाबाई, पाणी द्या." ते सावरणं माझ्या डोक्यात गेलं. तुम्ही सावरला नसतात तर कदाचित मी भोवरा काढला नसता.

मी खुर्ची ओढली, खिशात हात घातला आणि भोवरा तुमच्या तळहातावर ठेवला. जनाईला वाटलं, लाडाचं काही आणलंय पोराने सरांसाठी.

तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. आरीच्या भोकावरून अंगठा फिरवलात. मग विचारलंत, "आज वार कोणता?"

"शुक्रवार."

"म्हणजे उद्या," असं म्हणून तुम्ही मूठ मिटलीत. मग डोळे मिटून विचारलंत, "आई आहे ना रे?"

"आहे."

"बोलते?"

सर, म्हणजे तुम्हाला माहीत होतं! इतकी वर्षं माहीत होतं. कोणाकडून कळलं, कधी कळलं, का नाही बोललात, हे सगळं माझ्या घशापर्यंत आलं होतं. खरं सांगितलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असता? मला जो एक शब्द तुमच्या तोंडून ऐकायचा होता तो कदाचित आला असता. मी तुमच्या मिटल्या मुठीकडे पाहिलं, निळ्या शिरा वर आल्या होत्या. त्याच हाताने माझी ओकारी पुसली होती. माझ्याच्याने होईना. मी म्हणालो, "बोलते की. रोज बोलते."

"बरं झालं," तुम्ही म्हणालात. शनिवारी सकाळी ड्रिलच्या वेळेआधी तुम्ही गेलात. जनाई मूठ सोडवायला गेली, मी म्हणालो, राहू दे, लाकूडच आहे ते. चितेवर तो तुमच्याबरोबर गेला. आणि दहाव्याला कावळा लगेच शिवला. शिवणारच. माझ्या थापेवर तुमचा जीव सुटला.

उस्मान तुम्हाला खांदा द्यायला आला होता. पाठीवर तीच पिंजायची धनुकली, कामावरून तसाच आलेला. मला म्हणाला, "चांगला मानूस व्हता रे. मन्हा पोऱ्याले अक्षर त्यानीच शिकाडं." हे मला माहीत नव्हतं. तुम्ही त्याच्या पोराला घरी बोलावून शिकवत होता, हे मला तुम्ही गेल्यावर कळावं? माझ्या घरी यायला काय झालं होतं तुम्हाला? रनाळं काय लांब होतं?

दहावा आटोपून मी तसाच गाडीत बसलो आणि रनाळ्याला गेलो. वाटभर वाक्यं जुळवत होतो. माझी अहिराणी गंजली आहे, सर. कोर्टात मी ती ऐकतो, बोलत नाही. घराजवळ आलो तर आतून मायचा आवाज येत होता, शेजारणीला कसलीशी फजिती सांगत होती, "आनि मंग तो असा पडना, असा पडना..." आणि हसू. मी भिंतीला टेकून ऐकत उभा राहिलो. पोटभर ऐकलं. मग आत गेलो. शेजारीण उठली. माय उठली, पदर नीट केला.

मी तिच्या पायाशी जमिनीवर बसलो. म्हणालो, "माय, मास्तर मरी गया. आते परीक्षा नही शे. कोनी ऐकस नही. मन्हासंगे बोल व माय. भूक लागनी शे माले."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं, व्हरांड्यात कोणी उभं आहे का ते पाहावं तसं. तिचा हात माझ्या डोक्यापर्यंत आला आणि परत गेला. ओठ दोनदा हलले. मग एकेक शब्द जपून, पाय घसरू नये म्हणून ओढ्यातले दगड बघत चालावं तशी, ती म्हणाली,

"आपण बसावे. मी आता वाढते."

एक अक्षर चुकलं नाही, सर.